दमायच्या आधी बसायचं

या प्रवासाआधी मी एकटी कुठे गेले असेन तर बोईसरहून पालघरपर्यंत. तिथेही काम झालं की सरळ स्टेशनवर येऊन बसायचे, गाडीला कितीही वेळ असो. बाजारातून एक फेरी मारावी असं वाटायचं, पण एकटी बाई बाजारात उगाच उभी आहे हे कोणी बघेल, याचीच भीती. अशी मी तीन देशांत जाऊन आले. माझी जाऊ कल्पना, तिचा मुलगाही आता बाहेरदेशी असतो. ती सारखी विचारते, "वहिनी, सांगा ना, कशा गेलात?" मला तोंडाने सांगता येत नाही. चार माणसं बघत असली की माझा आवाज घशातच राहतो. म्हणून तिच्यासाठी लिहिते आहे. माझी शाळा माहेरी दातिवऱ्याला चौथीपर्यंत झाली, तेव्हा चुका असतील त्या तिने पोटात घालाव्यात.

आधी का गेले ते सांगते. माझी लेक वैशाली ऑस्ट्रेलियात पर्थ गावी असते. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा तिच्याजवळ आमच्यातलं कोणी नव्हतं. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा ती फोनवर फार काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आई, या वेळी तू ये."

हे म्हणाले, "आई माझी, तिचं मी बघतो. लेक तुझी, तू जा." माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांना एकटं ठेवता येत नाही. म्हणजे दोघांनी जाणं नव्हतंच. मी म्हटलं, "अहो, मी एकटी?"

"मग? वाघ हाय काय तिथं?"

वाघ असता तर बरं झालं असतं. वाघ इंग्रजीत प्रश्न विचारत नाही.

माझे पाय फार वेळ बसलं की सुजतात आणि मधूनमधून चक्कर येते. डॉक्टर म्हणाले, एका दमात एवढा प्रवास करू नका, तुकडे पाडा. वैशालीलाही तेच हवं होतं. पर्थला पोचल्यावर तिचं बाळंतपण मीच करायचं होतं. बाळंतिणीच्या आधी मीच आडवी पडले तर काय उपयोग? मग तिने फोनवर बसून माझा रस्ता आखला. मुंबईहून श्रीलंका, तिथे मुक्काम. मग मलेशिया, तिथे मुक्काम. मग पर्थ. सगळी विमानं दिवसाउजेडी उतरणारी, खोल्या विमानतळापासून जवळ, आणि जिथे पोचू तिथे पहिल्या दिवशी काहीही बघायचं नाही, फक्त जेवायचं आणि झोपायचं.

ती हे सांगत होती आणि मला माझी आई आठवत होती. आई दातिवऱ्याहून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला चालत जायची. तिचे थांबे ठरलेले असत. दमली नसली तरी त्या झाडाखाली पाटी उतरवायचीच. म्हणायची, "दमल्यावर बसलं तर उठवत नाय, बाय. दमायच्या आधी बसायचं." आणि दुसरं म्हणायची, "जेवढी पाटी आपल्या हातानं डोक्यावर चढते तेवढीच भरायची. चढवाया माणूस लागला तर ती पाटी आपली नाय." मी बॅग भरून झाल्यावर ती एकटीने उचलून पाहिली. उचलेना. मग माझ्या दोन साड्या काढल्या. जुन्या मऊ साड्यांची शिवलेली दुपटी आणि लंगोट मात्र तसेच ठेवले.

बोईसर

आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला "कुठे चाललात" असं विचारत नाहीत. दातिवऱ्याला तर होडीकडे निघालेल्याला कोणी असं विचारलं तर तो पाऊल मागे घेतो. घरात येऊन बसतो, चिमूटभर साखर तोंडात टाकतो, पाणी पितो आणि मग नव्याने निघतो. हसणाऱ्यांनी हसावं. समुद्रावर ज्यांची माणसं जातात त्यांना हसू येत नाही.

मी उंबरा ओलांडला, खाली गाडी उभी होती, आणि समोरच्या खोलीतल्या भाभी दारात आल्या. त्यांचे मालक एमआयडीसीत कामाला आहेत, उत्तरेकडचं कुटुंब. मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "अरे दीदी, कहाँ चलीं इतना सामान लेके?"

आतून सासूबाईंचा आवाज आला. अंथरुणावरून उठता येत नाही, पण कान शाबूत आहेत. "कोणी इचारलं रं कुठं? आत घे तिला! बसव!"

"आई, गाडी उभी हाय," हे म्हणाले.

"उभी हाय तर उभी राहील. गाडीला काय पाय दुखतात?"

मी आत येऊन बसले. साखर खाल्ली, पाणी प्यायले. भाभी बिचाऱ्या दारात ओशाळून उभ्या. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं आणि साखरेची छोटी डबी माझ्या हातात दिली. "ही पिशवीत ठेव. तिकडं बी लोक इचारतील. त्यांना काय रीत म्हाइत?"

तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला घ्यावी. पुढे ती डबीच माझी सोबत झाली.

मुंबईच्या विमानतळावर दारातच शिपायाने विचारलं, "कहाँ जाना है?" मी बाजूच्या बाकावर बसले. काउंटरवरच्या मुलीने तेच विचारलं, पुन्हा बसले. तपासणीत वर्दीतल्या बाईंनी माझी पर्स उघडली आणि डबी बाहेर काढली. झाकण उघडून त्या माझ्याकडे बघू लागल्या. टीव्हीवर दाखवतात तशी आता मला पकडतात, एवढंच मनात.

"हे काय आहे?"

"साखर." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मोठ्याने बोला, मावशी."

"साखर हो, साखर. कोणी कुठे विचारलं की..." मी अर्धंच बोलले. बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी डबी बंद करून माझ्या हातात ठेवली. "माझी आजी पण अशीच होती. जा मावशी, सावकाश जा. आणि मी नाही हं विचारलं तुम्हाला काही."

विमानात पट्टा कसा लावायचा ते शेजारच्या माणसाचं बघून लावला. काढायचा कसा ते बघायचं राहिलं, म्हणून उतरेपर्यंत तो काढला नाही. जेवणाचं झाकण उघडेना, कोणाला विचारवेना, मग भूक नाही असं दाखवून ते तसंच परत दिलं. संडासचं दार आतून अडकलं तर, या भीतीने पाणीही प्यायले नाही. कल्पना, तू असं करू नकोस. ती भीती मला नंतर पायांनी सांगितली, दोन्ही घोटे दिसेनासे झाले.

नेगोंबो

श्रीलंकेतलं हे गाव विमानतळाजवळ आहे. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात मला खोली होती. घरमालकीण मला "अक्का" म्हणाली. त्यांच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. तो एक शब्द कळला आणि मला रडूच आलं. ती घाबरली. तिला वाटलं खोली आवडली नाही.

पहिला दिवस झोपून काढला. दाराला खुर्ची लावून झोपले. दुसऱ्या दिवशी मालकिणीने शेवयांच्या चकत्यांसारखं काही दिलं, तांदळाचं, वाफवलेलं, आणि ओल्या नारळाची लाल तिखट चटणी. आपल्या जिभेला अजून थोडं मीठ लागलं असतं, बाकी दातिवऱ्याला खपलं असतं.

मग वारा फिरला आणि वास आला. सुक्या मासळीचा. मला कोणी रस्ता सांगायची गरज उरली नाही. बोईसरला आल्यापासून संध्याकाळी कारखान्यांचा आंबूस वास नाकात बसलेला, त्याच्या आधीचा जो वास होता तो हा.

वाळूवर काथ्याच्या लांबच लांब चटया पसरून त्यावर मासळी वाळत घातली होती. फाडलेली, मीठ लावलेली. बाया ओळीने वाकून ती उलटत होत्या. आमच्याकडे बोंबील जमिनीवर नाही वाळत घालत, बांबूंना दोऱ्या बांधून त्यावर टांगतात. मी लांब उभी राहून बघत होते. एका बाईने मला हाक मारली, हाताने "ये" केलं. मी मागे बघितलं, दुसऱ्या कोणाला बोलावते का म्हणून. नाही, मलाच.

मी चटईच्या टोकाला बसले आणि न विचारता मासळी उलटू लागले. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग मी दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवली, आमच्याकडे बोंबलाच्या तोंडात बोंबील असा अडकवून टांगतात म्हणून. तिला काय कळलं कोण जाणे, तिने बाकीच्या बायांना ओरडून काही सांगितलं आणि सगळ्या हसल्या. त्यांना बहुतेक वाटलं मी लग्नाबद्दल सांगते आहे. सकाळभर मी तिथे होते. कोणी कुठे म्हणून विचारलं नाही. पूर्ण प्रवासात भीती वाटली नाही अशी तेवढी एकच सकाळ.

क्वालालंपूर

इथल्या इमारतींकडे बघितलं की मान दुखते आणि खाली बघितलं की रस्ता ओलांडायची भीती. माझी खोली तमिळ लोकांच्या वस्तीत होती, रस्त्यावर गजरे विकत होते. तरी मी जेवायला सोडून बाहेर पडले नाही. केळीच्या पानावर भात वाढणारा माणूस मला रोज तेच वाढायचा, कारण मी पहिल्या दिवशी बोट दाखवलं त्याच भांड्याकडे रोज बोट दाखवायचे. दुसऱ्या भांड्यात काय आहे हे विचारायचं धाडस झालं नाही. पायांची सूज उतरली होती, झोप झाली होती. वैशालीला फोनवर म्हटलं, "आता एकच टप्पा. मी ताजी येते बघ."

आणि तिथेच घोळ केला.

विमानतळावर लवकर गेले होते. पहिल्या दारातल्या माणसाने विचारलं, "Aunty, where going?" एवढं इंग्रजी मला आता कळत होतं. बसले, साखर, पाणी. शिक्का मारणाऱ्याने विचारलं, पुन्हा बसले. शेवटी माझ्या विमानाच्या दाराजवळ आले, तिथे एक गणवेशातली बाई हसून म्हणाली, "Where to, Aunty?" मी तशीच मागे फिरले. बाटलीतलं पाणी संपलं होतं. नळ शोधला, पाणी भरलं, लांबच्या खुर्चीवर टेकले, साखर तोंडात टाकली. गारवा होता. जिभेवर साखर विरघळत असतानाच डोळा लागला.

उठले तेव्हा दार बंद होतं आणि ती बाई निघून गेली होती. काचेतून विमान मागे सरकताना दिसलं. मी काचेला हात लावून उभी राहिले. मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडलेसुद्धा नाही. इतकी माणसं होती तिथे.

वैशालीला फोन लावला.

"आई, विमानात बसलीस?"

"बाय, विमान गेलं."

"गेलं म्हणजे?"

"मी बसले होते. कुठे म्हणून विचारलं, म्हणून बसले."

ती म्हणाली, "किती वेळा बसलीस?"

"तीनदा."

"तीनदा!" आणि ती हसायला लागली. लहानपणी हसायची तशी. हसता हसता एकदम थांबली आणि तिने श्वास आत ओढला. तो आवाज मला ठाऊक आहे. बाईला ठाऊक असतो.

"वैशू, दुखतंय का?"

"नाही गं. थोडं. तू तिथून हलू नको, आई. मी करते काहीतरी."

दिवस अजून बाकी होते. पण मागच्या वेळीही दिवस बाकीच होते.

विमान कंपनीच्या एका बाईने, माझं पुसट बोलणं आणि वैशालीचा फोन दोन्ही ऐकून, दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा करून दिली. तोपर्यंत मला तिथेच राहायचं होतं. फरशी पुसणाऱ्या एका तमिळ बाईने मला चहा आणून दिला. ती "अम्मा, अम्मा" म्हणून काही विचारत होती. मी फक्त मान हलवत होते. माझ्या मनात एकच घोळत होतं. आईने बसायला शिकवलं ते पोचण्यासाठी. मी पोचायचं सोडून बसले. त्या डबीचा मला राग आला. ती पर्सच्या तळाशी घातली आणि ठरवलं, आता कोणी काही विचारो, बसायचं नाही.

पर्थ

मी बसले नाही. दारात विचारलं, चालत राहिले. पर्थला उतरल्यावर काचेमागच्या माणसाने विचारलं, "Where are you going?" मी म्हटलं, "डॉटर," आणि उभीच राहिले. पुढे खाण्याच्या वस्तू तपासतात तिथे साखरेची डबी दाखवावी लागली. त्या माणसाने ती हलवून बघितली आणि परत दिली. पण प्रत्येक न बसलेल्या वेळेचं ओझं माझ्या डोक्यावर चढत होतं. रीत पाळली तर विमान गेलं, मोडली तर काय जाईल, ही नवी भीती.

बाहेर जावई उभे होते, हर्षल. नाशिककडचा मुलगा, बोलका. बॅग माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "आई, घरी नाही जायचं. ती सकाळपासून हॉस्पिटलमध्ये आहे. बाळाचे ठोके कमी होतायत. ऑपरेशन करायचं म्हणतात."

रस्ता कसा होता, गाव कसं आहे, मला विचारू नका. एवढंच आठवतं की रस्त्यावर माणूस नव्हता आणि आभाळ फार मोठं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा वैशालीला चाकांच्या खाटेवर घेतलं होतं. डोक्यावर टोपी, हाताला नळी. मला बघितलं आणि म्हणाली, "आलीस."

"आले, बाय."

तेवढंच. खाट ढकलायला एक दांडगा माणूस आला आणि एक नर्स. नर्स हसतमुख होती. वैशालीला धीर द्यायला म्हणून ती तिच्यावर वाकली आणि मोठ्याने, लाडाने म्हणाली, "So, where are we off to, my darling?"

वैशालीने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला कळलं, मागच्या वेळीही कोणीतरी असंच विचारलं असणार. तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

खाट हलली.

"स्टॉप."

हा शब्द मी बोलले. एवढ्या मोठ्याने मी माझ्या घरातही कधी बोलले नव्हते. बाहेरच्या रस्त्यावर माणूस नव्हता, पण त्या बोळात होती तेवढी सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी खाटेची कड धरली. "स्टॉप. सीट. वॉटर." पुढचं इंग्रजी मला येत नव्हतं.

नर्स म्हणाली तिला पाणी देता येणार नाही. हर्षल काही समजावायला लागले. वैशालीने त्यांना थांबवलं आणि नर्सशी इंग्रजीत भरभर बोलली. मग मला म्हणाली, "आई, मला उठता येत नाही, पाणी पिता येत नाही. माझ्या बदली तू बस."

भिंतीशी खुर्ची होती. मी बसले. पर्सच्या तळातून डबी काढली. घाईत थोडी साखर फरशीवर सांडली. चिमूटभर तोंडात टाकली, बाटलीतलं पाणी प्यायले. ती नर्स, तो दांडगा माणूस, सगळे थांबले होते. कोणी हसलं नाही. माझ्या लेकीने डोळे मिटले होते आणि माझ्याबरोबर तीही गिळत होती, काही नसलेलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"जाऊ?"

"‘जाऊ’ नको म्हणू."

"येते, आई."

ते तिला घेऊन गेले. हर्षल आत गेले. दार मिटलं. मी त्या खुर्चीवरून उठले नाही. आईने सांगितलं होतं, दमायच्या आधी बसायचं. घाबरल्यावर किती वेळ बसायचं ते तिने सांगितलं नव्हतं. माझे घोटे पुन्हा सुजले, मला कळत होतं, तरी पाय हलवले नाहीत. डबी मांडीवर, त्यावर दोन्ही हात.

दार उघडलं आणि हर्षल बाहेर आले. डोक्यावर कागदी टोपी, तोंडावरचं फडकं हनुवटीला लोंबत होतं. त्यांच्या तोंडावरून मला काही कळेना. मला विचारायचं होतं, पण आवाज होता तेवढा मघाशी संपला होता. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, तळवा उघडा, प्रसादाला धरतात तसा.

"आई," ते म्हणाले, "साखर उरलीय ना? तोंड गोड करायचंय."